न्यूरोसायन्सची पदवी पारखायची कशी? खान्देशातल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी

गेल्या मे महिन्यात माझी भाची अमळनेरहून एक माहितीपत्रक घेऊन आली. "फुई, हे बघ, बीएस्सी न्यूरोसायन्स." मुखपृष्ठावर निळ्या उजेडात चमकणारा मेंदू, आत वातानुकूलित वर्गांचे फोटो. मागून भावाचा प्रश्न, "ताई, पोर मेंदूनी डॉक्टर व्हई ना?" त्या दोन दिवसांत आम्ही जे तपासलं, तेच क्रमानं लिहिते.

१. पदवी कशाची, हे आधी घरात बोला

भावाच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. मेंदूविकारतज्ज्ञ व्हायला नीट, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, तीन वर्षांचं एमडी आणि त्यावर तीन वर्षांचं डीएम लागतं. न्यूरोसायन्सच्या बीएस्सी किंवा एमएस्सीवर रुग्ण तपासता येत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायलाही भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. ही पदवी संशोधनाच्या वाटेची आहे. चेतापेशी एकमेकींशी कशा बोलतात, आठवण कशी टिकते, झोप का लागते, हे शोधायचं असेल तरच घ्यावी. एवढं बोलणं प्रवेशाआधी झालं नाही, तर तिसऱ्या वर्षी घरात वाद ठरलेला.

२. मान्यता

हे दहा मिनिटांचं काम आहे. यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव शोधा, बोगस विद्यापीठांची यादीही तिथेच असते. हातात पडणार ती पदवी की प्रमाणपत्र, हे लेखी विचारा. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते, त्यावरून एका विभागाची पारख होत नाही. मूळ गुणपत्रिका ठेवून घेऊ म्हणाले तर नकार द्या. यूजीसीच्या नियमात ते बसत नाही.

३. अभ्यासक्रम छापून घ्या आणि पेन घेऊन बसा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विषयवार पूर्ण अभ्यासक्रम मागा. देत नसतील तर तिथेच थांबा.

आम्ही प्रात्यक्षिकांखाली लाल रेघ मारली, थिअरीखाली निळी. साधारण हिशेब असा, की थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रात्यक्षिकाचं ३०. भाचीच्या अभ्यासक्रमात एका सत्रात प्रात्यक्षिकाचे दोनच क्रेडिट निघाले. म्हणजे ६० तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार. प्रयोगावर उभ्या असलेल्या विषयाला ते मला फार कमी वाटतात.

मग विषय बघा. मेंदूची रचना, चेतापेशीचं विद्युत कार्य, सिनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा), संवेदना आणि हालचाल, औषधांचा परिणाम, संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग, एवढं हवंच. मानसशास्त्राचे चार पेपर आणि जीवरसायनाचे दोन एकत्र बांधून वर नवं नाव दिलेलं असेल, तर ते वाचताना लगेच कळतं.

एक खूण सांगते. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा: पेशीच्या आत पोटॅशियम १४०, बाहेर ५ मिलिमोल प्रतिलिटर, शरीराच्या तापमानाला नर्न्स्टच्या समीकरणानं पोटॅशियमचं समतोल विभवांतर (ज्या व्होल्टेजला पोटॅशियमची आत-बाहेर ये-जा सारखी होते ते) किती? उत्तर सुमारे उणे ८९ मिलिव्होल्ट. कागदावर आकडेमोड सुरू झाली, तर शिकवणारं कुणीतरी तिथे आहे. 'ते परीक्षेला येत नाही' म्हणाला, तर काय ते समजून घ्या.

४. प्रयोगशाळा पाहिल्याशिवाय फी भरू नका

एका संस्थेत (नाव लिहीत नाही) मला चेतापेशीचे विद्युत संकेत नोंदवायचं महागडं यंत्र अभिमानानं दाखवलं. त्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. शेजारी लॉगबुक पडलेलं, पहिल्या पानावर उद्घाटनाच्या दिवशीच्या सह्या आणि पुढे सगळी कोरी पानं. मला फार वाईट वाटलं, कारण त्याच मजल्यावर पन्नास मुलं बसून नोट्स उतरवत होती. म्हणून लॉगबुक मागाच. ईईजी (डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत नोंदवणारं यंत्र) असेल तर त्याची टोपी शेवटची कुणाच्या डोक्यावर बसवली ते विचारा. प्राण्यांवर प्रयोग होत असतील तर सीसीएसईएची (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समितीची) नोंदणी आणि नैतिकता समिती आहे का ते पाहा.

मोठी यंत्रं नसली म्हणून नाक मुरडू नका. रावेर-यावलकडे पिकल्या केळीवर घोंघावणारी चिलटं आपण हातानं हाकलतो. तशाच फळमाशीवर काम करून जैविक घड्याळाचं कोडं उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. मका, गूळ आणि यीस्टच्या लगद्यावर वाढवलेल्या माश्यांच्या बाटल्या, एक सूक्ष्मदर्शक आणि त्यावर रोज काम करणारी मुलं मला बंद यंत्रापेक्षा केव्हाही चालतील.

५. शिक्षक, माजी विद्यार्थी आणि पुढची वाट

शिक्षकांची नावं पबमेडवर (वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावर) टाका. गेल्या पाच वर्षांत काय छापलं, त्यात विद्यार्थ्यांची नावं आहेत का, ते बघा. संस्थेनं सुचवलेल्या माजी विद्यार्थ्यांपेक्षा तुम्ही स्वतः शोधलेल्या दोघांशी बोला. प्रकल्प कुणाच्या हाताखाली केला आणि आता काय करता, हे दोन प्रश्न पुरतात.

सीएसआयआर नेटमध्ये (संशोधन शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत) न्यूरोसायन्स असा वेगळा विषय नाही, लाइफ सायन्सेसचा पेपर द्यावा लागतो. त्यात वनस्पती, परिसंस्था, आनुवंशिकी सगळं येतं. पदवीत त्याचा पाया नसेल, तर महिना ३७,००० रुपयांची जेआरएफ (पीएचडी करताना मिळणारी शिष्यवृत्ती) मिळवणं अवघड जातं.

माझं मत सांगते. बारावीनंतर लगेच या नावामागे धावायची गरज नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या एखाद्या चांगल्या कॉलेजात प्राणिशास्त्र, जीवरसायन किंवा भौतिकशास्त्र घट्ट करावं आणि न्यूरोसायन्स एमएस्सी-पीएचडीला घ्यावं. भुसावळला कर्नाटक एक्सप्रेस थांबते. एका दिशेला बंगळुरू, म्हणजे निमहान्स (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) आणि आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था). दुसऱ्या दिशेला दिल्ली आणि तिथून पुढे मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र.

भाचीनं प्राणिशास्त्र घेतलं. गणित सुटू नये म्हणून रविवारी ती माझ्याकडे येते, आणि भाऊ आता विचारतो, "ते उणे ८९ कसं येतं, मलाही सांग."