तळ्याच्या थेंबात काहीच दिसत नाही? या चुका टाळा

फोल्डस्कोपसारखा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण 140 पट मोठं दाखवतो. पॅरामिशियम हा पाण्यातला एकपेशीय जीव 0.2 ते 0.3 मिलिमीटर लांब असतो, म्हणजे तो दिसायलाच हवा. दिसला नाही तर दोष बहुधा भिंगाचा नसतो, थेंबाचा असतो.

वरवरचं निवळ पाणी आणलं तर थेंब रिकामा निघतो. जीव शेवाळात, कुजक्या पानांवर, जलपर्णीच्या मुळांत असतात. मुळं बाटलीत पिळा, तेच गढूळ पाणी कामाचं. पण बडोद्यात त्यासाठी विश्वामित्रीच्या काठी उतरू नका. नदीत मगरी आहेत, पावसाळ्यात त्या वस्तीतही शिरतात. गच्चीवरच्या कमळाच्या कुंडीची बुळबुळीत कड खरवडली तरी भरपूर मिळतं.

बाटली अर्धीच भरा, सावलीत ठेवा, त्याच दिवशी बघा. गच्च बंद बाटली मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत राहिली तर आतले जीव मरतात. पाणी कमी पडलं म्हणून नळाचं घालू नका, त्यातलं क्लोरीन घातक ठरतं.

स्लाइडवर एकच छोटा थेंब घ्या. कव्हरस्लिपची (थेंबावर ठेवायच्या पातळ काचेची) एक कड थेंबाला टेकवा आणि ती तिरकी धरून हळूहळू आडवी करा. सपाट टाकली की बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचे गोल दिसले, तर ते बुडबुडेच. कव्हरस्लिप तरंगत असेल तर कडेला टिश्यू लावून जास्तीचं पाणी टिपा. आणि कव्हरस्लिपची बाजू भिंगाकडेच हवी: स्लाइडची काच सुमारे 1 मिलिमीटर जाड असते, उलटी लावली तर फोकस होतच नाही.

सगळ्यात जास्त घोळ प्रकाशाचा. हे जीव जवळजवळ पारदर्शक असतात. मोबाइलचा टॉर्च थेट लावला की ते झगझगाटात विरून जातात. टॉर्चवर पांढऱ्या कागदाचा एक थर ठेवा, किंवा सूक्ष्मदर्शक खिडकीतून उजळ आकाशाकडे धरा. सूर्याकडे मात्र कधीही नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

पॅरामिशियम सुसाट पळत असेल तर थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू विसकटून टाका, तो त्यांत अडखळतो. (नंतर त्याच तंतूंना कृमी समजू नका.) जागच्या जागी थरथरणारे बारीक कण जिवंत असतीलच असं नाही. पाण्याचे रेणू आदळल्यानेही कण असे हलतात. वळून अडथळा चुकवणारा, किंवा व्हॉर्टिसेला या देठवाल्या सूक्ष्मजीवासारखा आपला देठ स्प्रिंगप्रमाणे आखडणारा दिसला, तर तो नक्की जीव.

पंखा बंद ठेवा. थेंब सुकू लागला की कव्हरस्लिपच्या कडेला त्याच बाटलीतलं थोडं पाणी सोडा.

बाटली आठवडाभर ठेवणार असाल तर तोंडाला मलमलचं फडकं बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.