मध्यम लहरींवर बोलण्याआधी: नव्या निवेदकांसाठी

आवाज चांगला आहे, तेव्हा रेडिओवर जावे, असे ठरवून अनेक तरुण आकाशवाणीच्या मुंबई केंद्राकडे नैमित्तिक निवेदकाच्या कामासाठी अर्ज करतात. या केंद्राच्या अस्मिता या मराठी वाहिनीवर मी हे काम केले आहे, आणि माझ्या मते या कामात आवाजापेक्षा वेळेचे भान आणि स्वच्छ उच्चार यांचाच कस अधिक लागतो.

केंद्राचा इतिहास थोडक्यात तरी माहीत असावा. 23 जुलै 1927 रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. 1930 मध्ये ही खासगी कंपनी बुडाली, प्रसारण सरकारकडे गेले आणि 1936 मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. सनावळीपेक्षा महत्त्वाचे हे की, येथील कार्यक्रम ठरावीक श्रोता समोर ठेवून आखले गेले. ‘कामगार सभा’ गिरण्या-कारखान्यांतल्या श्रोत्यांसाठी, ‘वनिता मंडळ’ दुपारी घरी असणाऱ्या स्त्रियांसाठी, ‘गंमत जंमत’ मुलांसाठी. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत, म्हणजेच प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, तर घराघरांत नातेवाइकांसारखे वावरत. जुनी ध्वनिमुद्रणे मिळतील तेवढी ऐकावीत. त्यांत कोणीही भाषण ठोकत नाही. समोरच्या एकाच माणसाशी बोलावे तसे बोलतात.

अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवर, म्हणजे 537.6 मीटरवर, ऐकू येते. स्टुडिओ चर्चगेटला आणि प्रक्षेपक मालाडला. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) दोन केंद्रांच्या वारंवारतांमध्ये 9 किलोहर्ट्झचेच अंतर असल्याने आवाजातला वरच्या पट्टीचा भाग बराचसा छाटला जातो. परिणामी ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि वाक्याच्या शेवटी खाली पडलेला शब्द तर खरखरीमध्ये बुडूनच जातो. एफएमवरची कुजबुजती लाडिक शैली येथे निरुपयोगी ठरते. सरावासाठी स्वतःचे ध्वनिमुद्रण महागड्या हेडफोनवर ऐकण्यापेक्षा साधा ट्रान्झिस्टर ट्यूबलाइटजवळ ठेवून अनुभवी निवेदकांचे कोणते शब्द तरीही स्पष्ट पोहोचतात, ते टिपून ठेवावे. खाऱ्या पाण्यावरून या लहरी दूर जातात आणि रात्री आयनांबराकडून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराकडून, परावर्तित होऊन आणखी लांब पोहोचतात, म्हणून आपला श्रोता केवळ मुंबईकर आहे असे गृहीत धरू नये.

खरी परीक्षा बातम्यांच्या सहक्षेपणाआधीच्या, म्हणजे दुसऱ्या केंद्राच्या बातम्या आपल्या वाहिनीवर जोडून घेण्याआधीच्या, मिनिटात होते. दहा मिनिटांच्या जागेत आलेले भाषण नऊ मिनिटे वीस सेकंदांत संपले, तर उरलेल्या चाळीस सेकंदांचे काय करायचे, हे भाषण सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. म्हणून हाती क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा दाखवणारा कागद, येताच प्रत्येक ध्वनिमुद्रणाची लांबी, सुरुवात आणि शेवट तपासावा. वाद्यसंगीताचा तुकडा शेवटाकडून मोजून निवडावा, त्यावर बोलायची उद्घोषणा एका वाक्याची ठेवावी आणि गरज पडल्यास तिचा उत्तरार्ध गाळला तरी अर्थ बिघडणार नाही अशी तिची रचना असावी. ठरलेल्या सेकंदाला आपला फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली आणि बातम्यांचा वर. त्या क्षणी अर्धवट राहिलेले वाक्य श्रोत्याला तुटलेलेच ऐकू येते. (काहीच सुचले नाही, तर केंद्राचे नाव आणि वेळ सांगावी. ही माहिती कधीच अनाठायी ठरत नाही.)

भाषणे आणि मुलाखती लिहिताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द धरावेत. पाहुण्याला प्रश्नांचा कागद देऊ नये, विषय सांगावा; कागद दिला की पाहुणा उत्तरे पाठ करून येतो.

पैशाबाबत स्पष्टच सांगतो: मानधन ड्यूटीगणिक मिळते आणि महिन्याच्या ड्यूट्या मर्यादित असतात, त्यामुळे दुसरे उत्पन्न असल्याशिवाय यावर विसंबू नये. आवाज चाचणीच्या तयारीसाठी रोज वर्तमानपत्रातला एक अग्रलेख आणि हवामानाचे वृत्त मोठ्याने वाचावे, आणि हिंदुस्थानी रागांची, परदेशी नेत्यांची व कोकणापासून विदर्भापर्यंतच्या तालुक्यांची नावे न अडखळता म्हणता येतात का, हे कोणालातरी समोर बसवून तपासून घ्यावे.