बँकिंग संकटाची तयारी : इंडोनेशियाने आणि आपण केलेल्या या चुका टाळा

१ नोव्हेंबर १९९७ रोजी इंडोनेशियाने एका फटक्यात १६ खासगी बँका बंद केल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मदतीबरोबर आलेला हा निर्णय. कुजकं काढून टाकलं की उरलेल्या बँकांवर विश्वास बसेल, असा हिशेब होता. झालं उलटंच. चांगल्या खासगी बँकांसमोरही रांगा लागल्या आणि पैसा सरकारी व परदेशी बँकांकडे वळला.

चूक : ठेवीदाराला काय सांगायचं ते न ठरवता टाळं ठोकणं

सगळ्यात महागात पडली ती हीच. देशात ठेव विमा नव्हता. बंद बँकांच्या ठेवीदारांना २ कोटी रुपियांपर्यंत (रुपिया हे तिथलं चलन) हमी मिळाली, पण चालू बँकांतल्या पैशांचं काय, पुढचा नंबर कुणाचा, याला उत्तर नव्हतं. त्यातच बंद झालेल्या एका बँकेचा मालक, म्हणजे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचा मुलगा, दुसऱ्या बँकेच्या आडून पुन्हा धंद्यात उतरला. लोक काय समजायचं ते समजले. अखेर जानेवारी १९९८ मध्ये सरकारला सरसकट हमी द्यावी लागली.

आपल्याकडे अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्यावर, १९६२ पासून ठेव विमा आला. पण विमा कागदावर असणं वेगळं आणि वेळेत हातात पडणं वेगळं. २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते. बँक अवसायनात, म्हणजे कायमची गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेल्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नसत. मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली ती २०२० मध्ये, आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत पैसे देण्याची तरतूद आली २०२१ मध्ये. दुरुस्ती योग्यच, पण आधी पोळून घेतल्यावर.

चूक : नवं-जुनं करून थकबाकी झाकणं

मार्च आला की जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडून घ्यायचं, हे बँकेत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये कर्जांची कसून तपासणी सुरू केली आणि मार्च २०१८ पर्यंत ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांतलं थकलेल्या कर्जांचं प्रमाण, ११ टक्क्यांच्या पुढे गेला. कर्जं त्याआधीच सडलेली होती, फक्त दिसत नव्हती. थकबाकी दर मार्चला उतरून जूनमध्ये पुन्हा चढत असेल, तर ताळेबंद बाजूला ठेवा आणि मोठ्या खात्यांत पैसा नेमका कुठून आला ते तपासा.

चूक : कर्ज डॉलरमध्ये, कमाई रुपियात

१९९७ च्या मध्याला डॉलर सुमारे २,४०० रुपियांना होता. जानेवारी १९९८ मध्ये तो १०,००० च्या पलीकडे गेला. कंपन्या बुडाल्या, मागोमाग त्यांना कर्ज देणाऱ्या बँका. म्हणून ताण-चाचणी (वाईट परिस्थितीत बँक तगेल का याची तपासणी) घेताना बँकेचीच परकीय देणी मोजून थांबू नका. मोठ्या कर्जदारांची डॉलरमधली देणीही मागवा आणि चलन निम्म्यावर आलं तर त्यांतले किती हप्ते भरू शकतील ते पाहा.