केळीच्या खांबावर सेल्युलेज कसं काढायचं (खान्देशातला उन्हाळा धरून)

रावेर, यावल, चोपडा, कुठंही जा, घड कापला की केळीचा खांब बांधावर सडत पडलेला दिसतो आणि कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या पेटवून देतात. या सगळ्यात सेल्युलोज (झाडाच्या धाग्यांचा मुख्य घटक) भरलेलं आहे राव, आणि ते तोडणारं एंझाइम म्हणजे सेल्युलेज, ते याच कचऱ्यावर बुरशी वाढवून काढता येतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हेच केलं होतं, त्यात जिथं जिथं अडकलो ते आधी सांगतो म्हणजे तुमचे दोन महिने वाचतील.

बुरशी घ्या ट्रायकोडर्मा रीसी. दुसऱ्या महायुद्धात सोलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू सडायला लागले, त्यातूनच ही सापडली, म्हणजे मुळात कापसावर जगणारी, आपल्या भागाला एकदम फिट. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम कलेक्शन आहे, चंदीगडला एमटीसीसी आहे, दोन्ही सूक्ष्मजीव जपून ठेवणारे संग्रह, कॉलेजच्या लेटरवर मागवा. कृषी सेवा केंद्रातल्या ट्रायकोडर्माच्या पुडीवरून पण काम होतं पण ती दुसऱ्या जातीची असते आणि आत बाकीचे जंतू पण असू शकतात, आधी पीडीए (बटाट्याचं अगार) प्लेटवर स्ट्रीक करून शुद्ध करून घ्या, मग सीएमसी (पाण्यात विरघळणारं सेल्युलोज) घातलेल्या अगारवर वाढवून काँगो रेड हा लाल रंग ओता, १५ मिनिटांनी मिठाच्या पाण्यानं धुवा, वाढीभोवती पिवळसर वलय दिसलं म्हणजे तिथलं सेल्युलोज तुटलंय, तर पुढं जा.

आता माल. खांबात ९० टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे टोपलंभर चिरलं तरी वाळल्यावर मूठभरच उरतं, जास्तच आणा. बारीक चिरा, धुवा म्हणजे चीक निघून जाईल, उन्हात कडक वाळवा, मिक्सरमधून जाडसर काढा. पीठ करू नका, पीठ ओलं झालं की चिखल होतो आणि बुरशीला हवाच मिळत नाही. मग २ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तासभर भिजवा (हातमोजे घालूनच) आणि लिटमस बदलायचा थांबेपर्यंत धुवून परत वाळवा. पऱ्हाटी लाकडासारखी असते, तिच्यात लिग्निन (लाकूड कडक करणारा घटक) जास्त, पहिल्यांदा करताना तिच्या नादी लागू नका. खांबाच्या भुशात निम्मा गव्हाचा कोंडा मिसळा, त्यातून नायट्रोजन मिळतो आणि थर मोकळा राहतो. वाढ लवकर यावी म्हणून गूळ किंवा साखर अजिबात टाकू नका! बुरशी जोरात वाढते पण आयती साखर मिळाली की सेल्युलेज बनवायचं बंद करते.

ओलावा ६५ टक्के. म्हणजे १० ग्रॅम सुक्या मालाला साधारण १८.५ मिली पाणी, यातच मँडेल्सच्या क्षारांचं द्रावण (बुरशीला लागणारे क्षार) आणि नंतर टाकायचं स्पोअरचं (बुरशीच्या बीजाणूंचं) पाणी धरायचं, पीएच ५ च्या आसपास. मुठीत दाबलं तर गोळा व्हायला पाहिजे पण बोटांतून थेंब गळायला नको. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५ ग्रॅम भरा, कापसाचा बोळा लावा, १२१ अंशाला अर्धा तास ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक). थंड झाल्यावर बुरशी वाढून हिरव्या झालेल्या स्लँटवर (तिरप्या अगारची नळी) ०.१ टक्का ट्वीन ८० (साबणासारखं द्रव्य) घातलेलं निर्जंतुक पाणी ओतून स्पोअर सोडवा, हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची काचपट्टी) सूक्ष्मदर्शकाखाली मोजा, मिलीला १ कोटीच्या आसपास आले की फ्लास्कला १ मिली टाका.

खरी परीक्षा तापमानाची. हिला २८ ते ३० अंश लागतात आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४३-४४. मी साध्या इनक्युबेटरला ३० वर सेट करून निवांत होतो, तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर आंबूस वास, पांढरी वाढ चिकट झालेली, आतला थर्मामीटर ३९ दाखवत होता. साधा इनक्युबेटर फक्त गरम करू शकतो, गार करू शकत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं. उन्हाळ्यात गार पण करणारा बीओडी इनक्युबेटरच पाहिजे, तोही लाईट जात नाही तिथं. नाहीतर सरळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम धरा, तेव्हा साध्यावर पण छान होतं. बुरशी स्वतः पण उष्णता सोडते म्हणून फ्लास्कऐवजी ट्रेमध्ये केलं तर थर २ सेंटिमीटरच्या वर नको, मध्यभागी हात लावला तर कोमट लागतो इतका फरक पडतो. दुसऱ्या दिवशी बोंडातून नुकताच निघालेला कापूस दिसावा तशी वाढ येते, तेव्हा फ्लास्क तळहातावर हलकेच आपटून थर मोडा. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं होतं. तिसऱ्या दिवसापासून रोज एक फ्लास्क काढून तपासा, बहुतेक वेळा पाचव्या ते सातव्या दिवसात सगळ्यात जास्त एंझाइम मिळतं.

काढायला ग्रॅममागे १० मिली सायट्रेट बफर (०.०५ मोलर, पीएच ४.८), अर्धा तास शेकरवर, मलमलच्या कापडातून पिळा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी म्हणजे तुमचं एंझाइम, ४ अंशाला ठेवा. ट्रायकोडर्मात बीटा-ग्लुकोसिडेज (शेवटचे तुकडे तोडून ग्लुकोज करणारं एंझाइम) कमी असतं म्हणून शेवटपर्यंत ग्लुकोज पाहिजे असेल तर अ‍ॅस्परजिलस नायजर या दुसऱ्या बुरशीचा अर्क सोबत मिसळतात.

एंझाइम किती जोरदार आहे ते मोजायला फिल्टर पेपर पद्धत, कागद तुटून किती साखर सुटली ते बघायचं. व्हॉटमन नंबर १ ची १ बाय ६ सेंटिमीटरची पट्टी, १ मिली बफर, अर्धा मिली एंझाइम, ५० अंशाला तासभर, मग ३ मिली डीएनएस (साखरेबरोबर रंग देणारं रसायन) टाकून ५ मिनिटं उकळा, गार झाल्यावर पाणी घालून कलरीमीटरवर ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. इथं पट्टी न टाकलेला एंझाइम ब्लँक (वजा करायची तुलनेची नळी) लावायलाच लागतो, कारण कोंड्यातली साखर अर्कात आधीच उतरलेली असते. तो न लावता मी आकडे काढले होते, भारी दिसत होते, ब्लँक वजा केल्यावर बराचसा भाग साखरेचाच निघाला आणि सगळी टेबलं परत केली. तुम्ही पहिल्या दिवसापासून लावा.

हिरवे फ्लास्क उघडताना मास्क लावा, पंखा बंद, स्पोअर धुरासारखे उडतात आणि दमा असणाऱ्याला त्रास होतो. उरलेला चोथा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर टाकायचा नाही.