रानात गेल्यावर आधी बूड टेका

गावाकडे एखादा दिवस मोकळा मिळाला की बहुतेकजण चालत सुटतात. ती टेकडी, तो ओढा, पलीकडचं तळं, सगळं संध्याकाळच्या आत उरकायचं. माझं म्हणणं उलटं आहे. जागा एकच निवडा आणि तिथे तास-दीड तास ठिय्या द्या. चालणाऱ्याला वाटतं रान सुनं आहे, पण त्याचीच चाहूल लागून ते गप्प झालेलं असतं.

जागा निवडताना दोन प्रकारची जमीन जिथे भेटते ती कड शोधा. झाडी संपून गवत लागतं ती, ओढ्याचं वळण, शेताचा बांध. एका बाजूला लपण, दुसऱ्या बाजूला चारा, म्हणून पाखरांची आणि प्राण्यांची ये-जा अशा कडेनेच जास्त असते. पाठ खोडाला किंवा मोठ्या दगडाला टेका, म्हणजे तुमची आकृती उघड्यावर उठून दिसत नाही. ऊन पाठीमागून असलं की समोरचे रंग नीट दिसतात. वारा मात्र तोंडावर यायला हवा, नाहीतर तुमचा वास तुमच्या आधी पुढे पोचतो. वाऱ्याची दिशा कळत नसेल तर चिमूटभर बारीक माती बोटांतून सोडा. बसण्याआधी काठीने जागा चाचपून घ्या आणि वर एकदा नजर टाका. वाळकी फांदी किंवा मधमाश्यांचं पोळं डोक्यावर नको. आणि जमीन कुणाची तरी असतेच. विचारून जा, आणि फाटक जसं होतं तसंच ठेवून या.

सोबत फार काही लागत नाही. सतरंजीचा तुकडा, पाणी, टॉर्च, घोटे झाकणारे बूट, पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे. अत्तर बित्तर मारून जाऊ नका. मोबाइल सायलेंटवर ठेवून खिशात घालू नका, तो पिशवीच्या तळाशी टाका. खिशातला मोबाइल हाताला चाळवत राहतो, आणि चाळवाचाळव रानाला बोलण्याइतकीच कळते. मी बाईमाणूस, एकटीने जाते तेव्हा कुठे बसणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून जाते. पुरुषांनीही सांगावं, त्यात कमीपणा नाही.

पहिली पंधरा-वीस मिनिटं कंटाळ्याची. माझा भाचा या वेळात हमखास विचारतो, "मावशी, आता करायचं काय?" त्याला मी आवाज मोजायला लावते. दोन्ही तळहात कानांमागे ओंजळीसारखे धरायचे आणि डोकं सावकाश फिरवायचं. समोरचे बारीक आवाज लक्षात येण्याइतके ठळक होतात. पक्ष्यांची नावं येत नसतील तर राहू द्या. आधी आवाजातला बदल टिपायला शिका. सातभाई एरवीही कलकलाट करतातच, पण सगळे मिळून एकाच झुडपाभोवती थयथयाट करायला लागले तर आत साप, मांजर नाहीतर घुबड असण्याची शक्यता मोठी. टिटवी ओरडत उठली की तिच्या दिशेने कुणीतरी येतंय असं समजा. आणि सगळंच एकदम चिडीचूप झालं तर वर बघा, शिकारी पक्षी फिरत असेल. एवढं कळायला लागलं की न दिसणाऱ्या गोष्टींचाही माग लागतो. मला दुर्बिणीपेक्षा यात जास्त मजा वाटते.

मग नजर खाली, पायाजवळ. जिथे पाऊस पोचत नाही अशा आडोशाची भुसभुशीत कोरडी माती बघा. तिच्यात नरसाळ्यासारखे लहान लहान खड्डे दिसतील. तळाशी मातीत एक अळी दबा धरून असते, फक्त जबडे वर. खड्ड्याची उतरण इतकी नेमकी असते की मुंगीचा पाय पडला की माती घसरते. मुंगी निसटून वर चढायला लागली तर अळी डोक्याने मातीचा मारा करून तिला परत खाली आणते. गवताची काडी घेऊन कडेचे दोन-चार कण खाली पाडा. नशीब असेल तर तो मातीचा फवारा लगेच दिसेल. हीच अळी पुढे पंख फुटून चतुरासारखी दिसते आणि मुख्यतः रात्री उडते. भाचा या खड्ड्यांपाशी इतका वेळ पालथा पडून असतो की त्याला उठवावं लागतं.

परतायचं असेल तर घड्याळाची गरज नाही. हात सरळ लांब करा, तळवा आपल्याकडे, बोटं आडवी, आणि क्षितिज ते सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघा. एक बोट म्हणजे सूर्य मावळायला अंदाजे १५ मिनिटं, चार बोटं म्हणजे तास. सूर्याकडे टक लावू नका, एवढं सांभाळा.

पण थांबता आलं तर थांबाच. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा मोबाइल उघडला की ती मेहनत पाण्यात. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबराने बांधा. लाल उजेडाने डोळे कमी दिपतात. अंधुक तारा बघायचा तर थेट त्याच्याकडे नको, जरा बाजूला बघा. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर नसतात, म्हणून तिरक्या नजरेला जास्त दिसतं. सप्तर्षींच्या चौकोनातले शेपटीपासून लांबच्या कडेचे दोन तारे जोडून रेघ पुढे पाचपट वाढवली की ध्रुवतारा सापडतो, तीच उत्तर.

निघायच्या आधी एक गंमत करा. लाल कागद काढा, टॉर्च डोळ्यांच्या शेजारी, कपाळाला लावून धरा आणि गवतावरून झोत हळू फिरवा. हिरवट-निळसर ठिणग्या चमकतील. दवाचे थेंब म्हणून सोडून देऊ नका. जवळ जाऊन बघितलं की बऱ्याच ठिणग्या म्हणजे जमिनीवर हिंडून शिकार करणाऱ्या कोळ्यांचे डोळे निघतात. टॉर्च कमरेपाशी धरलात तर काही दिसणार नाही, कारण उजेड जिथून आला तिकडेच परत जातो.

भीतीचं बोलायचं तर दोनच गोष्टी मी गंभीरपणे घेते. पहिली साप. दगडाखाली, बिळात, पाचोळ्यात हात घालायचा नाही, आणि अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. चावलाच तर जखम कापणं, रक्त चोखणं, घट्ट आवळणं यातलं काही नको; तो अवयव हलू न देता थेट दवाखाना. दुसरी वीज. लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजून तीनने भागा, तितके किलोमीटर ती लांब. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच राहा. एकट्या झाडाखाली कधीच नाही.

पुढचा दिवस ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा. ताऱ्यांसाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस. चांदण्यात माळ बघायचा तर पौर्णिमा, तेव्हा सूर्य मावळता मावळता चंद्र उगवतो. त्यानंतर तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, त्यामुळे वद्य चतुर्थी-पंचमीला आधी अंधार आणि मग चंद्रोदय, असं दोन्ही एकाच बैठकीत मिळतं. मी शक्यतो तेच दिवस धरते, फक्त पांघरूण एक जास्त घेते.