शॉर्टफिल्म करताय? मग या चुका टाळा

कॉलेजच्या मुलांच्या शॉर्टफिल्म्सचं एडिट आणि साउंड मी करून देतो, त्यामुळे सबमिशनच्या आसपास हार्डडिस्क घेऊन दारात कुणी ना कुणी उभं असतंच. मुलं हुशार आहेत, नजर चांगली आहे, साध्या फोनवर अशी फ्रेम लावतात की बघत राहावं. पण चुका त्याच, दरवर्षी त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आवाज

सगळा पैसा कॅमेरा आणि लेन्सच्या भाड्यात जातो आणि आवाज घेतला जातो कॅमेऱ्यावरच्या माइकने. वर मला विचारतात, पोस्टमध्ये (म्हणजे शूटनंतरच्या कामात) साफ होईल ना? थोडा होतो, पण जास्त घासला की माणूस पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

एका ग्रुपने पुण्यात पेठेतल्या जुन्या वाड्यात आई आणि मुलाचा सीन शूट केला होता. काम इतकं खरं की पहिल्यांदा मी एडिट वगैरे विसरून नुसता बघितला. मग हेडफोन लावले. शेजारच्या खोलीत फ्रिज चालू! आता फ्रिजचा कॉम्प्रेसर काही वेळ चालतो, काही वेळ बंद होतो, म्हणजे आईच्या क्लोजअपला घूंsss आणि मुलाच्या क्लोजअपला एकदम शांतता, कट मारला की आवाज येतो, पुढच्या कटला जातो, परत येतो. सलग घरघर असेल तर कान थोड्या वेळाने ती सोडून देतो, अशी ये-जा करणारी सोडत नाही. रूमटोन (कुणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज) घेतलाच नव्हता, म्हणून दोन वाक्यांमधली घरघर वेचून शांत शॉट्सखाली पसरत बसलो, ते ठिगळ शेवटपर्यंत ऐकू येत राहिलं. डबिंगला आईचं काम करणाऱ्या काकू बिचाऱ्या गावाहून परत आल्या, शब्द जुळले, पण वाक्याच्या मध्येच अडकलेला तो श्वास माइकसमोर उभं राहून काही परत आला नाही. शेवटी त्या सीनचा निम्मा भाग कापला, आणि तोच फिल्मचा सगळ्यात चांगला भाग होता. सेटवर दहाबारा पोरं होती, एकाच्याही कानाला हेडफोन नव्हता.

माझी सवय सांगतो. लोकेशनवर पोचलं की आधी फ्रिज, पंखा, एसी बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायचं विसरता येत नाही (साउंडवाल्यांची जुनी युक्ती आहे ही). प्रत्येक जागेचा एक मिनिट रूमटोन, सगळे स्तब्ध, कुणी चिप्सचं पाकीट फोडायचं नाही. बोलण्याची लेव्हल मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, कारण फाटलेला आवाज शिवता येत नाही. रेकॉर्डर परवडत नसेल तर दुसऱ्या फोनला साधा कॉलर माइक लावून तो नटाच्या खिशात टाका आणि टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा, सिंक (आवाज आणि चित्र जुळवणं) सोपं जातं. पैसे लागत नाहीत हो याला, जरा थांबायची तयारी लागते, आणि घाई झालेल्या नवशिक्यांकडे नेमकी तीच नसते.

ट्यूबलाइटचा लपलपाट

यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं असतं की सिनेमॅटिक लुक हवा तर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणून डोळे मिटून २४ लावतात, शटर १/४८ (सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग) नाहीतर ऑटोच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. १/५० शटरमध्ये बरोब्बर दोन ठोके बसतात, १/४८ मध्ये बसत नाहीत आणि भिंत हलकी लपलपते. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते दिसतही नाही. घरात शूट असेल तर मी २५ फ्रेम आणि १/५० सांगतो, विषय संपला.

बाकीच्या पटापट:

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, एकाच सीनमध्ये चेहरा आधी पिवळा मग निळा होतो.

दोन ठिकाणी कॉपी होऊन फाइल्स उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मित्र घाई करत असला तरी नाही.

एडिट लॉक (पक्कं, पुढे बदल नाही) झाल्याशिवाय साउंडला पाठवू नका, प्लीज.

रेडिमेड लट (LUT, रंगांचा तयार फिल्टर) टाकून कलर झाला असं म्हणू नका, एक्स्पोजर चुकलेला शॉट लटखाली जास्तच वाईट दिसतो.

फिल्म झाली, पोस्टर टाकलं, संपलं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. स्क्रीनिंग झालं की रशेस (शूट केलेलं सगळं कच्चं फुटेज) कुणी उघडत नाही. काय शिकलास विचारलं तर उत्तर येतं टीमवर्क, टाइम मॅनेजमेंट. अरे ते गॅदरिंगमध्येपण शिकतो आपण. मला ऐकायचंय की जेवणाच्या टेबलावरचा सीन घेताना तू लाइन (दोन नटांमधली काल्पनिक रेषा, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा) कुठे ओलांडलीस, कळलं कधी, आणि आता तीच खोली परत मिळाली तर कॅमेरा कुठे ठेवशील. हे सांगता आलं तर स्किल आलं, फिल्मला बक्षीस मिळो न मिळो.

त्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांना मी फिल्म संपल्यावर थोड्या दिवसांनी सगळे टेक परत बघायला बसवतो, एनजी म्हणजे बिघडलेल्या टेकसकट, एडिट न करता. वहीत तीन गोष्टी: शॉट घेताना काय हवं होतं, काय मिळालं, आणि फेकला असेल तर का फेकला. कंटाळा येतो, मान्य आहे, पण ती वही भरलेली मुलं पुढच्या सेटवर लगेच ओळखू येतात, शॉटआधी प्रश्न विचारतात.

आणि प्रत्येकाला डायरेक्टरच व्हायचं असतं हेही बदला. संत तुकाराम (१९३६) ज्या जोडीने दिग्दर्शित केला त्यातले दामले प्रभात फिल्म कंपनीत साउंड सांभाळायचे आणि फत्तेलाल कलादिग्दर्शन. स्वतःच्या हाताने एक काम नीट येत होतं त्यांना, आणि पडद्यावर ते जाणवतं. तेव्हा एका फिल्मला डायरेक्शन केलंत तर पुढच्या मित्राच्या फिल्मला बूम (लांब काठीवरचा माइक) धरा. हात दुखतील, पण नट वाक्य कुठे तोडतो हे बूम धरणाऱ्याला जितकं ऐकू येतं तितकं मॉनिटरमागे बसून येत नाही.

डिस्क भरली म्हणून रशेस उडवू नका, जुनी डिस्क कपाटात ठेवा आणि वर फिल्मचं नाव लिहा. पुढच्या वेळी माझ्याकडे याल तेव्हा ती वहीपण आणा, मी आधी तीच मागणार आहे.