हिब्रू पोथी शेवटच्या पानापासून वाचा

हिब्रू पोथी उघडली की मी आधी शेवटचं पान पाहते. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘क्तीव’ संकेतस्थळावर जगभरच्या पोथ्यांची छायाचित्रं फुकट पाहता येतात. सोळाव्या शतकातल्या इटलीतली एखादी निवडा. पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेल्या नोंदीत, त्याचं नाव, गाव, साल शोधा. साल ज्यू कालगणनेचं असतं, अंकांची किंमत असलेल्या हिब्रू अक्षरांत लिहिलेलं, आणि त्यातले हजार बहुधा गाळलेले असतात. ३५८ निघालं तर इसवी सनासाठी १२४० मिळवा: १५९८. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून तारीख तिथपासून डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर एक वर्ष कमी.

मग चर्चसाठी हिब्रू पुस्तकं तपासणाऱ्या सेन्सॉरची सही. दोमेनिको जेरोसोलिमितानो हा असाच एक सेन्सॉर, मूळचा ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेला. अशा सेन्सॉरांनी खोडलेल्या ओळी मी सर्वांत सावकाश वाचते. खोडणारी शाई फिकी पडली की कधी कधी खालची अक्षरं दिसतात, आणि चर्चला नेमकं काय खुपत होतं ते कळतं. मालकांच्या नोंदीही उतरवून घ्या.